लाइट आली, पण टीव्ही, साउंडबार आणि सेटटॉप बॉक्सची बोलाचाली बंद

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री १०.२०

मंडळी, चिपळूणहून लिहितोय. नोकरी पुण्यात, सध्या आईबाबांकडे आलोय. आज संध्याकाळी पावसाचा पहिला दणका बसला, विजा-गडगडाटासकट. साडेसहाला लाइट गेली, पाच मिनिटांनी आली, दोनदा लपलपली, परत गेली. मग आली ती सव्वासातला. तेव्हापासून हॉलमधलं काहीच धड चालत नाहीये.

जोडणी अशी आहे. ४३ इंची स्मार्ट टीव्ही, मागे तीन एचडीएमआय पोर्ट. पहिल्यात डिशचा सेटटॉप बॉक्स, दुसऱ्यात (त्यावर एआरसी असं लिहिलंय) साउंडबार, तिसरा रिकामा. साउंडबारसोबत बिनतारी सबवूफर. राउटर बाहेरच्या खोलीत. २०२१च्या जुलैतल्या पुरात आधीचं सगळं चिखलात गेलं, त्यानंतर घेतलेल्या या वस्तू.

आता बॉक्सचं चित्रच येत नाही, पडद्यावर नुसतं 'सिग्नल नाही'. साउंडबारचा दिवा लागतो, त्यावर 'टीव्ही' अशी अक्षरंही येतात, पण तो मुका. आवाज टीव्हीच्या पोटातल्या स्पीकरमधून येतो. टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त व्हायचा, तेही बंद. यूट्यूब लावावं तर म्हणतं नेटवर्क तपासा, आणि त्याच वायफायवर मोबाइल झकास चाललाय.

सगळ्या वायरी काढून घातल्या, टीव्ही दहा वेळा बंद-चालू केला. बाबा म्हणतात वीज पडून जळलं. आई म्हणते बाबांना जरा वेळ बसू दे, तू वायरी ओढू नकोस. काय करू?

खटपट्या | शनिवार, रात्री १०.४१

मदरबोर्ड गेला. माझ्या मेव्हण्याकडे सेम टू सेम झालेलं. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.

फ्यूजवायर | शनिवार, रात्री ११.०५

खटपट्या, 'मदरबोर्ड गेला' म्हणायला आपल्याला दोन सेकंद लागतात, पैसे त्यांचे जातात. जरा दम धरा.

वाशिष्ठीकाठ, तुम्ही चार तक्रारी एका दमात सांगितल्यात म्हणून ते एकच मोठं दुखणं वाटतंय. तसं नसावं. उद्या सकाळी उजेडात एकेक बघू. सगळ्या वायरी एकदम काढून घालू नका, त्यात काय केल्याने काय सुधारलं ते कळत नाही.

आधी एवढंच सांगा. 'सिग्नल नाही' ही पाटी कोणाची? बॉक्सच्या रिमोटवरचं मेनू बटण दाबा. बॉक्सचा मेनू उघडला आणि त्यात सिग्नल नाही म्हणत असेल तर दुखणं छतावर आहे, डिश, एलएनबी (डिशच्या तोंडासमोरचा सिग्नल पकडणारा डबा) किंवा मधली केबल. मेनूच उघडत नसेल तर ती टीव्हीची पाटी, आणि बॉक्सचं चित्र टीव्हीपर्यंत पोचतच नाहीये. पावसात गच्चीवर चढण्याआधी हे बघितलेलं बरं.

दुसरं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आजची तारीख काय दाखवतोय ते वाचा. हसू नका, वाचा.

तिसरं, फ्रिज चालू होताना घरातले बल्ब मंद होण्याऐवजी भगभगतात का? तसं होत असेल तर टीव्ही सोडा आणि आधी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल असण्याची ती खूण आहे. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टच्या जागी एखाद्या घरात ४०० च्या आसपास जाऊ शकतात, मग टीव्हीच काय, मिक्सरसुद्धा राहत नाही.

तिसरी_घंटा | रविवार, सकाळी ७.५०

आमच्याकडे मुंबईत लाइट जातच नाही त्यामुळे अनुभव शून्य. वाचतोय. (ह. घ्या.)

मंजिरी_ना | रविवार, सकाळी ८.०२

१२ ऑक्टोबर २०२० विसरलात वाटतं. ग्रीड बसली तेव्हा लोकल जागच्या जागी उभ्या होत्या!

तिसरी_घंटा | रविवार, सकाळी ८.०५

तो एक दिवस सोडून.

वाशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी ९.३०

फ्यूजवायर काका (काकाच ना?), तारीख बघितली आणि खरंच हसलो. टीव्हीच्या मते आज १ जानेवारी आहे, वर्ष तर माझ्या कॉलेजच्या काळातलं. बल्ब नीट आहेत. बॉक्सचा मेनू उघडत नाही.

फ्यूजवायर | रविवार, सकाळी ९.४८

काकाच. निवृत्त.

तारीख हाताने बरोबर करा, 'आपोआप' हा पर्याय चालू ठेवा, टीव्ही एकदा बंद-चालू करा आणि यूट्यूब लावा. ॲप जेव्हा सर्व्हरशी जोडतं तेव्हा तिकडून एक प्रमाणपत्र येतं, त्याला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमच्या टीव्हीच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो जोडणी नाकारतो आणि पाटी मात्र 'नेटवर्क तपासा' अशी लावतो. पुष्कळ टीव्हींमध्ये घड्याळासाठी वेगळा सेल नसतो. वीज गेली की वेळ गेली, परत आल्यावर इंटरनेटवरून विचारून घेतात. तुमचा टीव्ही जागा झाला तेव्हा राउटर अजून डोळे चोळत असणार.

वाशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी १०.१०

लागलं! यूट्यूब लागलं! बाबांनी पहिलं कीर्तन लावलंय. आवाज अजून टीव्हीचाच.

सुरमई_फ्राय | रविवार, सकाळी १०.३४

आता साउंडबारचं मी सांगतो, हा त्रास मी तीन वर्षं काढलाय.

एचडीएमआयच्या केबलमध्ये १९ पिना असतात. त्यातली १३ नंबरची सीईसीची. या एका तारेवर घरातली सगळी उपकरणं गप्पा मारतात: 'मी चालू झालो', 'आवाज वाढव', 'आता माझं चित्र दाखव'. प्रत्येकाला नंबर ठरलेला असतो, टीव्ही नेहमी ०, साउंडबारसारखं आवाजाचं यंत्र ५, सेटटॉप बॉक्स बहुधा ३. कंपन्यांनी याला आपापली नावं दिली आहेत, कुठे एनीनेट प्लस, कुठे सिम्पलिंक, कुठे ब्राव्हिया सिंक. बारसं वेगळं, बाळ एकच.

एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलटा साउंडबारकडे जाण्याची सोय, २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आलेली. ती सुरू करायची की नाही हे टीव्ही आणि साउंडबार सीईसीवर बोलून ठरवतात. तिथे गडबड झाली की एआरसी नाही, आणि रिमोटने आवाजही बदलत नाही. तुमची दोन लक्षणं म्हणजे हे एकच.

आणि ती तार सगळ्यांची सामाईक आहे. तिसराच कोणी (तुमचा बॉक्स!) ती अडवून बसला तरी पहिल्या दोघांचं बोलणं होत नाही.

उपाय: तिघांचेही प्लग भिंतीतून उपटा. बटण बंद करून भागत नाही असं नाही, पण उपटा. एचडीएमआयच्या केबलीही काढा, लोक इथेच चुकतात. एका यंत्रात धुगधुगी असेल तर केबलीतून दुसऱ्याला ५ व्होल्ट मिळत राहतात आणि ते पूर्ण झोपतच नाही. मग टीव्हीच्या अंगावरचं बटण (रिमोटवरचं नव्हे) अर्धा मिनिट दाबून धरा आणि दहा मिनिटं चहा प्या. आधी फक्त टीव्ही चालू करा. तो पूर्ण उठला की साउंडबार, एआरसीच्याच पोर्टात. आवाज आला की मग बॉक्स.

गुरुवारचा_उपास | रविवार, सकाळी ११.१५

मी तर सीईसी बंदच करून टाकलंय. तीन रिमोट वापरतो, मन शांत. साउंडबारला ऑप्टिकल केबल लावा, ती नुसता आवाज नेते, बडबड करत नाही.

सुरमई_फ्राय | रविवार, सकाळी ११.२२

तीन रिमोट तुम्ही वापराल हो, ७० वर्षांच्या माणसाला कोण शिकवणार? शिवाय ऑप्टिकलमधून साधा डॉल्बी डिजिटल ५.१ जातो, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. ओटीटीवरचं ॲटमॉस (चहूकडून, वरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज) त्या प्लसवरच येतं.

फ्यूजवायर | रविवार, सकाळी ११.४०

ऑप्टिकलची एक बाजू मात्र मांडतो. त्यात तांबं नाही, प्रकाश जातो. म्हणजे विजेचा झटका त्यातून पुढच्या यंत्रात जात नाही. कोकणात राहणाऱ्याने याचा विचार करावा. बातम्या आणि कीर्तनाला ॲटमॉस लागत नाही.

मंजिरी_ना | रविवार, दुपारी १२.३०

धागा हायजॅक करत नाही, पण माझा एक प्रश्न याच जातीचा आहे. नाशिकला आमच्याकडे जुना एव्ही रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणि पाच स्पीकर आहेत. परवा लाइट जाऊन आल्यापासून चालू केला की टक् असा आवाज येतो, तीन सेकंदांनी बंद पडतो, लाल दिवा लुकलुकतो. हेही घड्याळाचं असेल का?

फ्यूजवायर | रविवार, दुपारी १२.५५

नाही ताई. तो 'प्रोटेक्ट'मध्ये जातोय, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतोय. स्पीकरकडे जाणाऱ्या दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या असतील. प्लग काढा, मागच्या सगळ्या स्पीकर वायरी सोडवा आणि मग रिसीव्हर चालू करून बघा. टिकला तर रिसीव्हर ठणठणीत आहे. पुन्हा बंद करून एकेक जोडी जोडत जा, ज्या जोडीला पडेल तिथे बघा. लाइट गेल्यावर कोणी कपाट सरकवलं होतं का?

मंजिरी_ना | रविवार, दुपारी २.१०

सापडलं! मेणबत्ती शोधायला अहोंनी कपाट सरकवलं होतं. डाव्या स्पीकरच्या वायरीचा केसासारखा एक तंतू बाजूच्या खुंटीला टेकलेला. अहो आता दुपारी झोपल्याचं सोंग करताहेत.

वाशिष्ठीकाठ | रविवार, दुपारी ३.४५

सुरमई_फ्राय, तुम्हाला माझ्याकडून एक ताट. तुम्ही सांगितलं तसंच केलं आणि साउंडबार बोलायला लागला. टीव्हीच्या रिमोटनेही ऐकतोय. सबवूफरचा दिवा लुकलुकत होता, त्याच्या मागचं पेअरिंगचं बटण दाबून धरलं, तोही आला.

पण बॉक्स नाहीच. पहिल्या पोर्टात चित्र शून्य. केबल बदलली, तरी तेच.

फ्यूजवायर | रविवार, दुपारी ४.००

बॉक्स तिसऱ्या पोर्टात लावा. आणि पहिल्या पोर्टात लॅपटॉप.

वाशिष्ठीकाठ | रविवार, दुपारी ४.१८

बॉक्स तिसऱ्यात व्यवस्थित, सगळे चॅनेल. लॅपटॉप पहिल्यात लावला तर त्याला टीव्ही जोडलाय हेच कळत नाही. म्हणजे टीव्हीचा पहिला पोर्ट मेला? पण गडगडायला लागल्याबरोबर बाबांनी टीव्हीचं बटण बंद केलं होतं! लाइट आल्यावर त्यांनीच चालू केलं.

फ्यूजवायर | रविवार, दुपारी ४.५०

पोर्ट गेला असंच दिसतंय. खात्रीने सांगायला उघडून बघावं लागेल.

बाबांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, पण बॉक्सला छतावरून येणारी केबल तशीच होती. डिश म्हणजे उघड्यावर ठेवलेली लोखंडी थाळी. तिच्यापासून बॉक्सपर्यंत तांब्याची केबल, बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय. घरावर वीज पडायला लागत नाही, आसपास पडली तरी त्या केबलीत झटका तयार होतो आणि जमिनीकडे वाट शोधतो. डिशला अर्थिंग नसेल (किती जणांच्या डिशला असतं?) तर ती वाट तुमच्या हॉलमधून जाते. एचडीएमआय पोर्टामागची चिप ५ व्होल्टच्या दुनियेतली, ती बिचारी काय तग धरणार.

शिवाय बटणाच्या आतली फट काही मिलिमीटरची. विजेला ती दिसतसुद्धा नाही. गडगडायच्या आधी प्लग काढायचा, आणि बॉक्सच्या मागची डिशची केबलही फिरवून काढायची. राउटरला तांब्याची लॅन केबल येत असेल तर तीही. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र कशालाच हात लावू नका, टीव्ही गेला तर जाऊ दे.

स्पाइक गार्डवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हेही ऐका. त्यातला एमओव्ही नावाचा तुकडा झटके खाऊन खाऊन झिजतो, आणि घरच्या सॉकेटमध्ये अर्थिंग आलेलंच नसेल तर तो जवळजवळ नुसता लाल बटणाचा एक्स्टेन्शन बोर्ड आहे.

खटपट्या | रविवार, संध्याकाळी ५.१५

म्हणजे मदरबोर्ड थोडा तरी गेलाच की!

फ्यूजवायर | रविवार, संध्याकाळी ५.१६

एक तृतीयांश गुण दिले.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री ९.१०

परत मीच. आज दुपारी पाऊण तास लाइट गेली, गडगडाट वगैरे काही नाही. आल्यावर साउंडबार परत मुका! चहावाला उपाय केला, चालू झाला. संध्याकाळी परत गेली, परत मुका. असं रोज दहा मिनिटं वायरी उपटायला आईबाबांना कसं सांगू? मी बुधवारी पुण्याला निघणार.

आणि बाबा म्हणाले, लाइट गेली तरी टीव्ही चालूच होता, फक्त आवाज एकदम बारीक झाला.

सुरमई_फ्राय | सोमवार, रात्री ९.२२

एक मिनिट. लाइट गेली तरी टीव्ही चालू होता?

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री ९.२५

हो, इन्व्हर्टरवर. मेमध्ये बसवला.

फ्यूजवायर | सोमवार, रात्री ९.३१

अहो! इन्व्हर्टर आहे हे तिसऱ्या दिवशी सांगताय? डॉक्टरकडे जाऊन मधुमेह लपवण्यासारखं आहे हे.

साउंडबारचा प्लग कुठे आहे?

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री १०.०५

बॅटरी घेऊन कपाटामागे जाऊन आलो. पुरानंतर वायरमनने टीव्हीचा बोर्ड छातीएवढ्या उंचीवर नवीन लाइन ओढून बसवला होता. मेमध्ये इन्व्हर्टरवाल्याने पंखे-दिव्यांबरोबर ती लाइनही इन्व्हर्टरवर घेतली. साउंडबार आणि सबवूफर मात्र कपाटामागच्या खालच्या, जुन्या सॉकेटवर आहेत. ते इन्व्हर्टरवर नाही. पाणी चढलं होतं तेच सॉकेट, आतले स्क्रू गंजलेत.

सुरमई_फ्राय | सोमवार, रात्री १०.२०

सापडला चोर. लाइट जाते, साउंडबार मरतो, टीव्ही जिवंत. टीव्ही बघतो की ५ नंबर उत्तर देत नाही, मग आवाज स्वतःच्या स्पीकरवर घेतो. तो बारीक आवाज हाच. लाइट आल्यावर साउंडबार उठतो आणि कोणीतरी बोलावेल म्हणून वाट बघत बसतो. टीव्ही तर बंद झालेलाच नाही, त्याला पुन्हा ओळखपरेड घ्यायचं कारण नाही. सगळे टीव्ही असे हटवादी नसतात, काही स्वतःहून परत विचारतात. तुमचा विचारत नाही.

टीव्ही, साउंडबार, सबवूफर आणि बॉक्स एकाच लाइनीवर आणा. जातील तर सगळे जातील, राहतील तर सगळे राहतील. चौघांचा मिळून भार दोन पंख्यांच्या आसपास, इन्व्हर्टरला जड नाही.

फ्यूजवायर | सोमवार, रात्री १०.२८

आणि ते गंजकं सॉकेट उद्याच्या उद्या काढून टाका. टीव्हीचं कौतुक नंतर.

गुरुवारचा_उपास | मंगळवार, सकाळी ८.४०

पुण्यात आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट घालवतात (नाव त्यावरूनच घेतलंय). माझे दोन खोल्यांतले वायफाय स्पीकर दर गुरुवारी एकमेकांना हरवायचे. स्पीकर अर्ध्या मिनिटात उठतात, फायबरचा डबा आणि राउटर दोन-तीन मिनिटं घेतात. तोवर राउटरकडून नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) मिळाला नाही म्हणून स्पीकर स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतात. मग ॲपमध्ये एक दिसतो, एक नाही. राउटरमध्ये दोघांना कायमचे पत्ते राखून ठेवले आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री ८.५५

वायरमन येऊन गेला. खालचं सॉकेट काढलं, वरच्या बोर्डाला दोन पॉइंट वाढवले, सगळं एका लाइनीवर. पहिल्या पोर्टावर आईने चिकटपट्टी लावून 'बंद' लिहिलंय. डिशच्या केबलीला लाल दोरा बांधलाय, गडगडायच्या आधी कुठली काढायची ते बाबांना कळावं म्हणून.

सात वाजता लाइट गेली. टीव्ही चालू, साउंडबार चालू, आवाज जसाच्या तसा. पाऊण तासाने आली, तेव्हाही काही बिघडलं नाही. फ्यूजवायर काका, सुरमई, कधी चिपळुणात आलात तर घरी या.

एकच. इन्व्हर्टरवर असताना साउंडबारमधून बारीक भुणभुण येते. लाइट आली की जाते.

फ्यूजवायर | मंगळवार, रात्री ९.१५

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार, खोक्यावर वाचा. मंडळाची वीज गोलाईने वरखाली होते, याची पायऱ्या पडल्यासारखी. त्या कोपऱ्यांचा आवाज स्पीकरमध्ये उतरतो, जुने पंखेही गुणगुणतात. साइन वेव्हचा घेतलात तर जाईल. अगदीच असह्य असेल तर बघा.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री ९.४०

स्क्वेअरच आहे. बाबांना विचारलं, बदलूया का. म्हणाले, मागच्या परसात बेडूक लागलेत, त्यांच्यापुढे कसली भुणभुण.